फोटोतली ती बाई विजू नव्हे

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उसवत बसले होते. आमच्याकडे फोन नाही, शेजारच्या किराणा दुकानात येतो. दुकानदाराची बायको धावत आली आणि म्हणाली, बमरोलीहून कुणी दिलीप बोलतोय, लवकर चला. दिलीप म्हणजे विजूचा धाकटा भाऊ. तिला कावीळ झालीय हे मला ठाऊक होतं. आदल्या रविवारी मी भेटून आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तरी मलाच विचारत होती की तुझं मशीन अजून खडखडतं का... चौतिसाव्या वर्षी धडधाकट बाई काविळीने जाते, हे खरंच वाटेना. कामरेजहून मी सुरतेत बमरोलीला पोचेपर्यंत बायकांनी सगळं आटोपत आणलं होतं. गल्लीतल्या एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शेवटी शेवटी सुधारली होती हो बिचारी." रडण्याच्या भरात मी ते सोडून दिलं. आज दीड महिना झाला, ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. सुधारली होती म्हणजे काय? बिघडली कधी होती? मी हे लिहायला बसलेय ते रडायला नव्हे. मला राग आलाय आणि तो गिळायची माझी तयारी नाही.

आमचे दोघींचे वडील अमळनेरकडचे. मागावर काम करायला सुरतेला आले आणि बमरोलीत एकाच ओळीतल्या खोल्यांत राहिले. विजू माझ्याहून एका वर्षाने मोठी. लहानपणापासून वडिलांचे जुने शर्ट घालायची, मोठी झाल्यावर दिलीपचे घालायला लागली. केस कापायला दिलीपबरोबर न्हाव्याकडेच जायची. वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिने एक जुनी मोपेड मिळवली आणि मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घेऊन बमरोलीत घरोघरी पोचवायचं काम धरलं. बायका घरी बसून त्या साड्यांचे लोंबते धागे कापायच्या, लेस लावायच्या आणि विजू त्या परत मार्केटला न्यायची. रोज शे-दोनशे साड्या पाठीवरून वाहिल्या त्या पोरीने, आणि अंगावर एक घेतली नाही. लोकांना त्यात काय काय दिसायचं! तिला मात्र कुणाला काही दाखवायचं नव्हतं. साडीत पाय अडकतो, ओढणी चाकात जाते, शर्टाला खिसा असतो. एवढंच होतं ते. तिची आई, जिला मी मावशी म्हणते, रोज एकदा तरी तोंडाचा पट्टा सोडायची. "तू पोर शे का पोऱ्या शे, एकदाव सांगी दे." विजू हसायची आणि मोपेडला किक मारायची. मग मावशी दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकवायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. माझं लग्न होऊन मी कामरेजला आले होते आणि घरातच बायकांचे कपडे शिवायला लागले होते. एका रविवारी विजू एवढा हायवे तुडवत मोपेडवर आली. पाणी प्यायली, माझ्या मशीनपाशी खाली बसली आणि बराच वेळ चिंध्या चिवडत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंदे, मला नटायचंय. पण मोपेडला किक मारता आली पाहिजे."

आणि मी काय केलं? मी हसले. डोळे मिचकावून विचारलं, "कोण आहे गं?" ती उठून उभी राहिली. इतकं चिडलेलं मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. "कोण असायला पाहिजे?" म्हणाली. "मी आहे ना. अठ्ठावीस वर्षं झाली, मी आहे." हा राग मी इतरांवर काढायला बसलेय खरी, पण पहिला चटका मलाच द्यायला हवा. तो प्रश्न नंतर सगळ्या बमरोलीने तिला विचारला, पण पहिल्यांदा विचारणारी मीच, तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणवणारी.

पहिला ड्रेस मी शिवला तो फुग्याच्या बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा, गळ्याला झालर. मला वाटलं, नटायचंय म्हणजे असंच. तिने घातला, आरशात बघितलं आणि हात वर करायला गेली तर काखेत टरकन फाटला. दोघी हसून हसून लोळलो. म्हणाली, यात मी देवळाबाहेरच्या खेळण्यांच्या दुकानातली बाहुली दिसते, मला विजू दिसायचंय. मग चार रविवार आम्ही तेच करत होतो. तिने कापड आणलं, पांढऱ्यावर बारीक जांभळी फुलं. त्याचा मी सैल कुर्ता शिवला. कॉलर शर्टाची, बाह्या दुमडता येतील अशा, बाजूचे काप खोल, दोन्हीकडे खिसे आणि एक आतून बटणाचा. खाली सलवार नको, सरळ पँटच, पण त्याच जांभळ्या रंगाची. ओढणी नको म्हणाली, मी आग्रह केला नाही. कान टोचून घ्यायला मी तिला सोनाराकडे नेलं. साड्यांचे गठ्ठे तीन मजले चढवणारी ती बाई, तारेला बघून लहान मुलीसारखी माझा हात धरून बसली. मग इवलेसे लोंबते डूल, डोळ्यांत काजळ, केस आधीपासूनच मानेपर्यंत वाढवलेले. पायात मात्र त्याच पुरुषी चपला आणि मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. ती आरशासमोर उभी राहिली, खिशात हात घातले, एकदा इकडे वळली, एकदा तिकडे... म्हणाली, "आता बरोबर." त्याच दिवशी परत जाताना बमरोलीच्या स्टुडिओत थांबून तिने फोटो काढून घेतला. मी बरोबर होते. फोटोवाला सांगत होता, बेन, हात खिशातून काढा, मान सरळ करा. तिने दोन्ही केलं नाही.

वाटलं होतं, आता तरी घरात सण होईल. अहो, पोर नटली एकदाची! पण लोकांचं असं असतं, शर्ट घातला तर ही पोऱ्या, आणि कानात डूल घातले तर ही कोणाच्या नादी लागली. गल्लीतल्या बायका, तिने आणलेल्या गठ्ठ्यांवर ज्यांच्या चुली पेटत होत्या त्याच बायका, दारात उभ्या राहून कुजबुजायच्या, कोणासाठी गं एवढं? दिलीपने तर कमाल केली. तिच्याच मोपेडची किल्ली काढून घेतली आणि मार्केटला मी जाईन म्हणाला. विजूने त्याला मावशीदेखत विचारलं, "काल शर्टात जात होते तर चालत होतं. आज शर्टावर फुलं आहेत म्हणून चालत नाही?" पंधरा दिवस ती तेच फुलांचे कपडे घालून पायी फिरली, गठ्ठे डोक्यावर घेऊन. शेवटी मार्केटचे लोक दिलीपला काम देईनात, त्यांना विजूच पाहिजे होती. तेव्हा किल्ली मिळाली. माफी मात्र कुणी मागितली नाही. पुढे प्लेगच्या दिवसांत निम्मी गल्ली गावाकडे पळाली, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना औषधं आणि दूध हीच बाई पोचवत होती, फुलांच्या कुर्त्यात, डूल घालून. तेव्हा नाही कुणी विचारलं, कोणासाठी नटलीस म्हणून.

मावशीने तिच्या नटण्याचा पहिल्यापासून वेगळाच अर्थ लावला होता. तिला वाटलं, पोर लग्नाला तयार झाली. अमळनेरकडून मुलाकडचे पाहुणे बोलावले. साडी नेस म्हणून चार दिवस घरात धुसफूस चालली. विजू शेवटी आईच्या शब्दाला मान देऊन साडी नेसली, पण तिच्या पद्धतीने. आत परकर नाही, पँट. ब्लाउज नाही, मी शिवलेला कॉलरचा आखूड कुर्ता. मला विचाराल तर ती सुंदर दिसत होती, कुणासारखी नाही अशी. मुलाच्या काकांनी चहा पिता पिता विचारलं, मुलगी नेहमी अशीच राहते का? विजू म्हणाली, "हो. नेहमीच." पाहुणे गोड बोलून गेले आणि परत आले नाहीत. मावशी त्यानंतर दोन महिने तिच्याशी बोलली नाही. एका खोलीत राहून, एका तव्यावरची भाकरी खाऊन बोलली नाही. बोलायला लागली तेही ओरडायलाच. केस बघ, चपला बघ, बसतेस कशी बघ. विजूने उलट उत्तर देणं सोडलं होतं, आणि स्वतःसारखं राहणं सोडलं नव्हतं. त्यालाच हे लोक सुधारणा म्हणतात की काय, देव जाणे.

आता मुद्द्याचं सांगते. तेराव्याला मी गेले. खोलीत समोरच मोठी फ्रेम, चंदनाचा हार, उदबत्ती. मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि थबकले. मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच्या घरी आले. फोटोत एक बाई होती. हिरवीगार जरीकाठी साडी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, मधोमध भांग, मोठी टिकली, गळ्यात दागिने, कानात झुबे. मग डोळे ओळखीचे वाटले. मान जराशी डावीकडे कललेली... आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो विजूचाच फोटो होता, त्याच दिवशी काढलेला. स्टुडिओवाल्याकडून मोठा करून घेऊन त्याच्यावर रंगाने साडी काढून घेतली होती. माझी कॉलर पदराखाली, तिचे डूल झुब्यांखाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणत होते ना, मेल्यावरही जाईना म्हणून वरून रंग फासला.

चार माणसं जेवायला बसली होती, मी बघितलं नाही. दिलीपला तिथेच विचारलं, हे कोणी करायला सांगितलं? तो ओशाळून म्हणाला, "मंदाताई, लोक येतात, फोटो बघतात. चांगलं दिसायला नको का?" मी म्हटलं, चांगलीच दिसत होती ती, तुझ्या डोळ्यांत फूल पडलंय. आजूबाजूच्या बायका म्हणायला लागल्या, जाऊ दे गं, गेलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, किती लक्ष्मीसारखी दिसतेय, किती गुणी होती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली मावशी बोलली. "मीच सांगं दिलीपले," ती म्हणाली. "मी तिले एकदाव बी अशी दखी नही. आते तरी दखू दे."

मी न जेवता निघाले. रिक्षात बसून रडले, रागाने. आईचं मन म्हणून मी समजून घ्यायचं, हे मला कळत होतं. पण सहा वर्षं ती पोर आईसमोर जशी होती तशी उभी होती, तिला बघायला काय झालं होतं? एकदा फक्त म्हणायचं होतं, बरी दिसतेस. दोन शब्द. त्यासाठी रंगारी लागत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी स्टुडिओत गेले. फोटोवाल्याने रंगकाम मोठ्या प्रतीवर केलं होतं, मूळ निगेटिव्ह त्याच्याकडे पाकिटात पडून होतं. मी म्हटलं, जसा आहे तसा काढून द्या. तो बिचारा मला समजावत होता, बेन, साडीवाळो वधारे सारो लागे छे, म्हणजे साडीतलाच जास्त चांगला दिसतो. मी म्हटलं, भाई, मला सारो नको, मला विजू पाहिजे. फोटो घेतला, निगेटिव्हही मागून घेतलं, फोटो फ्रेम करून घेतला आणि तडक बमरोली गाठली. भांडायची तयारी करूनच गेले होते, खोटं कशाला बोलू.

दार उघडं होतं. मावशी एकटीच होती, त्या हिरव्या साडीवाल्या फोटोसमोर बसलेली. पुढे कपबशी. हळू आवाजात बोलत होती, "चहा पी ले वं माय. गरम शे." मी उंबऱ्यावरच थांबले. पंचवीस वर्षं त्या घरात माझी ये-जा, मावशीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. विजूने तर नाहीच. आयुष्यभर जिला वसावसा ओरडा मिळाला ती उपाशी गेली आणि ही रंगवलेली कोण कुठली बाई, तिला गरम चहा आणि माय! आत गेले आणि माझी फ्रेम त्या फ्रेमच्या शेजारी फळीवर ठेवली.

मावशीने वर बघितलं. जांभळी फुलं, कॉलर, डूल, खिशात खुपसलेले हात. मला वाटलं, आता ही फ्रेम उचलून बाहेर ठेवणार. आणि मग तिचा तो जुना, कडक आवाज आला, जसा रोज सकाळी यायचा. "डोकं दख कसं शे. फोटो काढाले गयी आन् केस बी विंचरना नहीत." एवढं बोलली आणि तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडायला लागली. दिलीप म्हणतो, ती तेराव्यालाही रडली नव्हती.

मावशीला मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. माझा राग गेला असं कुणी समजू नये. गेलेला नाही, आणि इतक्यात जाईल असं मला वाटतही नाही. दोन्ही फ्रेम सध्या फळीवर आहेत. ऐकते की मावशी आता त्या हिरव्या साडीवालीपुढे फक्त उदबत्ती लावते आणि विजूवर ओरडते. पाहुणे यायचे असले की दिलीप माझी फ्रेम कपाटामागे सरकवतो, हेही माझ्या कानावर आलंय. सरकव म्हणावं, फेकून दे. मी फोटो पुन्हा काढून आणीन, याहून मोठा आणीन. निगेटिव्ह माझ्याकडे आहे.