भांडं धरणारी

आई गेली आणि शांताबाईंचं आमच्याकडचं काम संपलं. आठ वर्षं घरातच राहून आजारी आईचं सगळं त्यांनीच केलं होतं. निरोपाआधी काहीतरी चांगलं दाखवावं, म्हणून मी त्यांना फिल्म क्लबच्या दुपारच्या खेळाला नेलं.

सिनेमा प्राचीन रोमचा होता, स्वप्नासारखा विस्कटलेला. गुडघाभर पाण्यात मेजवानी चाललेली. सोनेरी मुखवट्यांचे सरदार खायचे, ओकायचे आणि पुन्हा खायला बसायचे. एक दासी त्यांच्या तोंडापुढे भांडं धरून उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

नंतर चर्चा रंगली. रोमचा ऱ्हास हा आम्हा मंडळींच्या आवडीचा विषय; तो आपल्यापासून सुरक्षित अंतरावर असतो. मी विलासावर बोलत असताना शांताबाईंनी हळूच विचारलं, "त्या भांडं धरणाऱ्या बाईचं पुढं काय झालं?"

सगळे हसले. मीही हसलो.

परतताना रिक्षात काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता कुठं जाणार तुम्ही? घरी कोण असतं?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "बघू कुठंतरी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता, तर मला बरं वाटलं असतं.