गुरम्मा अव्वाचा उःशाप

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुरम्माची पिठाची गिरणी आहे. गल्लीत सगळे तिला अव्वा म्हणतात. तिचं माहेर उदगीरकडचं, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेलं; तिकडं कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला अव्वा म्हणायची पद्धत. लग्न होऊन ती लातूरला आली, नवऱ्यानं म्हणजे शिवलिंगअप्पानं गिरणी टाकली, आणि तेव्हापासून तो मोटार आणि पट्टा सांभाळायचा, ती गिऱ्हाइकं. गिरणी चालू असताना बोलायचं तर छातीतून बोलावं लागतं. तसं बोलून बोलून आणि पिठाचा फुफाटा गिळून तिचा आवाज जाड आणि खरखरीत होऊन गेला. फोनवर अनोळखी माणूस तिला हमखास ‘साहेब’ म्हणतो. ती दुरुस्त करत नाही.

अप्पा गेले तोवर मुलगी दीपमाला लग्न होऊन नांदेडला गेली होती. आईनं आपल्याकडं येऊन राहावं म्हणून ती मागं लागली. अव्वा गेलीही, पण चार दिवसांत परत आली. तिथं सगळे पाकिटातलं पीठ खातात, माझं तिथं काय काम, असं तिनं आल्यावर सांगितलं आणि गिरणीचं शटर वर केलं.

नवरा गेल्यावर एक गोष्ट मात्र बदलली होती. गल्लीत बारसं असो, हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, पुरणपोळीचं पीठ तिच्याच गिरणीतून जायचं. बोलावणं यायचं बंद झालं. कुणी दुष्टपणानं करत नव्हतं. रीत म्हणून बाया तिला टाळत आणि रीत म्हणूनच ती गप्प राही. अशा दिवशी ती गिरणीचा दगड उघडून साफ करत बसायची.

गल्लीच्या मधल्या इमारतीत दामिनी आणि अमरनाथ हे जोडपं राहतं. दोघं पुण्यात हलती चित्रं काढायचं शिकले, तिथंच नोकरीला लागले, आणि पुढं काम घरून करता येतं म्हटल्यावर लातूरला परत आले. दुसऱ्यांची कामं करता करता त्यांनी स्वतःचा एक लहानसा चित्रपट करायला घेतला, मुलांसाठी. गोष्ट दामिनीनं लिहिली, चित्रं अमरनाथनं काढली.

गोष्ट अशी होती. एका वाटेवर जुनी बारव असते आणि एक म्हातारी तिच्यातलं पाणी शेंदून येणाऱ्याजाणाऱ्याला पाजत असते. राजा नवा वाडा बांधायला काढतो आणि बारव बुजवून टाकतो. थोड्याच दिवसांत राजाला मुलगी होते. बारशाच्या दिवशी म्हातारी वाड्यात येते आणि शाप देते, की ह्या पोरीची तहान जन्मभर भागणार नाही. राजकन्या मोठी होते. घागरी रिकाम्या करते, हौद रिकामे करते, तरी तिचा घसा कोरडाच. तिच्या सोबतीला एक बेडूक असतो, बारवेतून बेघर झालेला. शेवटी एक राजपुत्र सात डोंगरांपलीकडून पाणी आणतो आणि शाप सुटतो.

सगळ्यांचे आवाज मिळाले, म्हातारीचा मिळेना. नाटकात काम करणाऱ्या दोघीतिघी येऊन गेल्या. प्रत्येकीनं चेटकिणीसारखं हसून दाखवलं. दामिनीला ते नको होतं. एकदा ती गहू दळायला घेऊन गेली, तेव्हा गिरणीच्या घरघरीवरून अव्वा कुणाला तरी विचारत होती, हा शाळू कुणाचा हाय. दामिनी डबा तिथंच ठेवून अमरनाथला बोलवायला गेली.

अव्वानं आधी विचारून घेतलं, त्यात आपलं तोंड दिसणार का. फक्त आवाज, असं कळल्यावर ती तयार झाली. तोंड दिसत नसलं तर काहीही बोलीन, म्हणाली. दीपमालाला मात्र फोनवर ते रुचलं नाही. आईनं आता या वयात चेटकीण व्हायचं का, असं तिचं म्हणणं. चेटकीण न्हाई, पाणी पाजणारी बाई हाय, असं अव्वानं तिला समजावलं.

दामिनीच्या घरातल्या आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या लटकवल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. दुपारी गिरणी बंद असायची तेव्हा अव्वा तिथं जाऊन बसायची. पंखा बंद, खिडकी बंद, डोक्यावर पदर आणि पदरावर हेडफोन. दामिनी वाक्य वाचून दाखवी आणि अव्वा ते म्हणे. पहिले दोन दिवस वायाच गेले. वाटसरूला ‘पाणी पी बाळा’ म्हणायचं होतं आणि अव्वा ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत होती.

‘अव्वा, गिरणी बंद असल्यावर तुम्ही कशा बोलता?’ दामिनीनं विचारलं.

‘बंद असल्यावर कुणाशी बोलू?’

मग दामिनीनं विचारलं, अप्पा होते तेव्हा दुपारच्याला त्यांच्याशी कशा बोलायच्या. अव्वा माइकच्या जवळ सरकली. मग ‘पाणी पी बाळा’ इतक्या हळू म्हणाली, की अमरनाथला मशिनीत आवाज वाढवावा लागला. त्यानंतर काम भराभर होत गेलं.

अडलं ते शापाशी. दामिनीला तेव्हा सातवा महिना होता. अव्वाच्या समोर बसून तिनं ते वाक्य वाचून दाखवलं. अव्वानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

‘हे मी म्हणणार न्हाई.’

अमरनाथला वाटलं शब्द अवघड आहेत. तसं नव्हतं. वास्तू तथास्तु म्हणते, अव्वा म्हणाली. घरात बसून असं तोंडातून काढायचं नसतं, आणि दामिनी अशी पोटुशी समोर बसलेली. अमरनाथनं समजावलं, की हे सगळं चित्रातलं आहे, खरं काहीच नाही.

‘चित्र खोटं हाय, बाबा. आवाज तर माझा खरा हाय.’

आणि शाप तरी कसला, तहानेचा. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात अव्वा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिली होती. पुढच्या बाईच्या कडेवरचं लेकरू रडत होतं आणि त्याला द्यायला कुणापाशीच घोटभर पाणी नव्हतं. लातुरात राहून मी लेकराला तहानेचा शाप देऊ का, असं तिनं विचारलं. घर नको तर रानात जाऊन बोलू, असं अमरनाथनं सुचवून पाहिलं. रानात काय देव न्हाई का, म्हणून ती उठून गेली.

काम थांबलं. अव्वा गिरणीत आली खरी, पण तिला चैन पडेना. पोरांनी वर्षभर खपून केलेलं आपल्यामुळं अडलं, हे तिला लागून राहिलं. दळण घालताना ती त्या म्हातारीचाच विचार करी. बारव गेली, हातातलं काम गेलं, हे कळण्यासारखं होतं. पण त्यासाठी बाई राजाकडं जाईल, दरबारात जाऊन भांडेल. बारशाला कशाला जाईल? असं मनात घोळता घोळता तिला ते उमगलं, आणि हातातलं दळण तसंच टाकून ती दामिनीकडं गेली.

‘तू लिव्हलंस की म्हातारी शाप द्यायला गेली,’ ती म्हणाली. ‘तसं न्हाई वाटत मला. ती बारशालाच गेलती. बोलावणं न्हवतं तरी गेलती. लेकरासाठी टोपडं शिवून नेलतं तिनं. दारावर अडवलं आन् मंग ते तोंडातून निघालं.’

दामिनी ऐकत राहिली. अव्वा यापूर्वी तिच्याशी एवढं सलग कधी बोलली नव्हती.

‘निघाल्याबरोबर तिला वाईट वाटलं असंल. पण शाप माघारी घेता येत न्हाई. म्हणून तर उःशाप असतो. पोथीत बघ, ज्यानं शाप दिला त्यानंच उःशाप देयाचा. तुझ्या म्हातारीनं दिलाच न्हाई, अन् तो राजपुत्र कुठून तरी येऊन सोडवून राहिला. त्याचा काय संबंध?’

‘मग काय उःशाप द्यावा तिनं?’

अव्वाला ते आधी सुचलेलं नव्हतं. पदरानं हात पुसत ती बसून राहिली. म्हातारीनं आयुष्यभर काय केलं, पाणीच पाजलं ना, असं ती आपल्याशीच म्हणाली. मग दामिनीकडं बघून म्हणाली, ‘ही पोर ज्या दिवशी आपल्या तोंडचं पाणी दुसऱ्याला पाजील, त्या दिवशी हिची तहान भागंल.’

दामिनीला ते एकदम पटलं. अमरनाथला नाही. सात डोंगर काढून झाले होते. राजपुत्राचा घोडा काढायला तर त्याला अख्खा पावसाळा लागला होता. घोड्याचे चार पाय एका चालीत आणणं म्हणजे काय असतं हे ज्यानं काढलं त्यालाच कळतं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. दामिनीनं चहा केला. चहा निवायला आला तेव्हा तो आत आला आणि म्हणाला, राजपुत्र येऊ दे, पण तोच तहानेनं व्याकूळ होऊन येऊ दे. सात डोंगर तुडवून आलेला, पाणी न मिळालेला. राजकन्या तिच्या हातातली शेवटची वाटी त्याला देईल. अव्वानं विचारलं, घोड्याला? घोड्यालाही देईल, तो म्हणाला. घोडा तर त्याला ठेवायचाच होता.

शाप बोलायच्या दिवशी अव्वानं दामिनीला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं. अमरनाथला बजावलं, की मी एका दमात दोन्ही म्हणणार, मध्ये थांबवायचं नाही. वास्तूला तथास्तु म्हणायला मध्ये जागाच ठेवायची नाही. तिनं डोळे मिटून हात जोडले आणि सुरुवात केली. शाप तिच्या गिरणीतल्या आवाजात निघाला, अगदी छातीतून. शेवटच्या शब्दावर तो चिरकला, आणि श्वास न घेताच ती उःशापावर आली तेव्हा तो वाटसरूला पाणी पाजणारा आवाज झाला होता. बोलून संपल्यावर तिला धाप लागली. अमरनाथनं पुन्हा एकदा म्हणा असं सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात दामिनीचं डोहाळजेवण होतं. आमंत्रण द्यायला ती स्वतः गिरणीत गेली. अव्वा म्हणाली, मी कशाला, बाया काय म्हणतील, पीठ मात्र घेऊन जा.

‘तुम्हाला दारात ठेवून मी शाप घेऊ का, अव्वा?’ दामिनी म्हणाली.

अव्वाला हसू आलं. कपाळावर विभूती लावून, ठेवणीतली इरकल नेसून ती गेली. दामिनीची सासू तारामती जुन्या वळणाची. ओटीचं ताट हातात घेऊन ती जरा वेळ घुटमळली. मग तिनं ते अव्वापुढं धरलं. एकदोघी बाया आपापसांत काहीतरी बोलल्या आणि पुन्हा जेवणाकडं वळल्या. अव्वानं ओटी भरली, दामिनीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि पंगतीत बसून दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. पीठ चांगलं होतं, असं घरी जाताना तारामतीला सांगून गेली.

दामिनीला मुलगी झाली. तिच्या मागोमाग चित्रपटही पुरा झाला. लातुरात एका शाळेच्या सभागृहात तो दाखवला, तेव्हा अव्वा मागच्या रांगेत बसली होती. म्हातारी पडद्यावर आली की तिला अवघडल्यासारखं व्हायचं, बेडूक आला की बरं वाटायचं. पुढं किनवटकडच्या एका आश्रमशाळेनं तो दाखवायला बोलावलं. मुलींना आवाज देणारी आजी बघायची आहे, असा निरोप होता. अव्वानं गिरणीच्या शटरवर बंदची पाटी लावली आणि दामिनी, अमरनाथ आणि त्यांच्या लेकराबरोबर ती निघाली. नांदेडला दीपमाला येऊन मिळाली. चेटकीण होऊ नको म्हणणारी हीच, पण गाडीत शेजारच्या बाईला तिनं विचारलं नसताना सांगितलं, की आमच्या आईचा चित्रपट आहे.

किनवट अव्वानं कधी पाहिलं नव्हतं. स्टेशनपासून पुढं जीपच्या दोन्ही बाजूंनी सागाची झाडं लागली तेव्हा ती खिडकीला चिकटून बसली. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत पडदे ओढून मुली सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. राजकन्येनं वाटी घोड्यापुढं धरली तेव्हा खोलीत कुणी हलत नव्हतं.

संपल्यावर अव्वाला पुढं खुर्चीवर बसवलं. मुली आधी लाजल्या. मग पहिल्या रांगेतली एक उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं, ‘आजी, त्या राजानं बारव परत उकरली का?’

चित्रपटात ते कुठंच नव्हतं. दामिनीनं लिहिलं नव्हतं, अमरनाथनं काढलं नव्हतं. दामिनी उत्तर द्यायला उठणार, तोच अव्वा म्हणाली, ‘उकरली की. सोता खाली उतरला, फावडं घेऊन.’

मग बेडकाचं काय झालं, असं दुसरीनं विचारलं. अव्वानं सांगितलं, बेडूक काठावर बसून राजाला सांगत होता, इथं खोद, तिथं खोद. राजाला घाम फुटला तेव्हा त्याला पाणी कुणी दिलं? म्हातारीनं. आधी दिलं का रागवली? आधी रागवली, मग दिलं. एकेक प्रश्न येत गेला आणि अव्वा सांगत गेली. तिचा आवाज खोलीच्या शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचत होता. मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अमरनाथच्या खांद्यावर पोर झोपलं होतं. तो दामिनीला हळूच म्हणाला, की हे सगळं आता काढावं लागणार.

‘काढ मग,’ दामिनी म्हणाली.

मुलींनी निघताना अव्वाला पिशवीभर सीताफळं दिली. परतीच्या गाडीत तिनं आणि दीपमालानं त्यातली बरीचशी खाऊन टाकली. दीपमालानं पुन्हा विषय काढला, की आता आलीच आहेस तर थोडी राहा. या खेपेला अव्वा नांदेडात आठवडाभर राहिली. नातवंडांनी तिला बेडकाची पुढची गोष्ट विचारली, तीही तिनं सांगितली. तिकडं लातुरात आम्ही सगळे डबे घेऊन बंद शटरपर्यंत जायचो आणि पाटी वाचून परत यायचो.