संत्र्याच्या बागेतला ताण

थंडीत मी वरुडकडे, संत्र्याच्या मुलखात, ताईच्या घरी गेले होते. भाऊजी वारल्यानंतर तिनं एकटीनं धरलेला हा पहिलाच बहार. विहीर भरलेली होती, तरी झाडांची पानं सुकून वळली होती.

"पाणी का देत नाहीस?" मी विचारलं.

"ताण दिलाय. तहानल्याशिवाय संत्रा फुलत नाही. अन् फार तहानला तं मरतो."

"मग पाणी सोडायचं कधी?"

"ते तुझे भाऊजी ठरवायचे."

दुपारी आभाळ भरून आलं. एक सर पडली असती तरी ताण तुटला असता आणि बहार गेला असता. आम्ही बागेच्या कडेला, धुऱ्यावर, आभाळाकडे बघत बसलो. पावसासाठी हात जोडणारी माणसं मी पाहिली होती. तो येऊ नये म्हणून श्वास रोखून बसलेलं माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळी ढग डोंगराकडे सरकले. ताई उठली, एका झाडाची पानं चाचपून पाहिली आणि तिनं विहिरीवरची मोटार सुरू केली.

काही आठवड्यांनी तिचा बागेतून फोन आला. ती बोलेचना. मी हॅलो म्हणत राहिले; पलीकडून नुसता मधमाश्यांचा आवाज येत होता.