तुलुनकाकूचा पांढरा नमदा

खान मेला तेव्हा माझी काकू तुलुन रडली नाही. इतिल नदीकाठच्या आमच्या तळावर सगळ्या बायकांनी केस मोकळे सोडून आक्रोश मांडला. काकू ओली लोकर लाटत राहिली.

बावीस वर्षांपूर्वी याच खानाला गादी देताना चार बेगांनी, म्हणजे टोळ्यांच्या सरदारांनी, ज्या नमद्यावर बसवून उचललं, तो लाटलेल्या लोकरीचा जाड गालिचा तिच्याच हातचा होता. पांढऱ्या लोकरीत एक काळा केस नाही. उचलताना बेग म्हणाले होते, ‘नीट राज्य कर, नाहीतर हाच नमदा खालून ओढून घेऊ.’ कुणी ओढला नाही. तिसऱ्या वर्षी खानानं काकांना डोंगरापलीकडच्या लढाईला नेलं. परत आला तो फक्त घोडा. त्यांची लेक कुनिश तेव्हा तान्ही होती. पुढे थोरला मुलगा गेला, त्याचा घोडासुद्धा आला नाही. खानाचे तंबू मात्र दरसाल वाढत होते.

आता कुनिशचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. नवरी कोऱ्या पांढऱ्या नमद्यावर बसते आणि सासरचेच तिला उठवतात. त्याशिवाय लग्न नाही. काकू दोन हिवाळे त्या नमद्यासाठी खपली होती.

स्वार घेऊन आलेला तोक्ताश बेग घोड्यावरूनच ओरडला, "तुलुन, नमदा काढ! परवा नव्या खानाला उचलायचंय."

"तो लेकीचा आहे."

"लेकीला दुसरा करून दे. खान थांबेल का?"

"मग घोड्याच्या झुलीवर उचला त्याला. त्याचं बूड काय चांदीचं आहे?"

बायका फिसकन हसल्या. बेग लालबुंद झाला. "जीभ आवर, म्हातारे! तुझ्याच हातचा हवा म्हणतात. मान समज."

"मागच्या मानानं माझं घर रिकामं केलं, बेगा."

बेगानं दोन स्वारांना उतरायला सांगितलं. काकू आत गेली, नमदा स्वतःच घेऊन आली. स्वारांनी हात पुढे केले, तोच तिनं तो गवतावर अंथरला आणि कुनिशला दंडाला धरून वर बसवलं.

दुसरं कुणी बसलेल्या नमद्यावर खानाला उचलत नाहीत, हे बेगाला कुणी सांगायला नको होतं.

"न्या आता," काकू म्हणाली.

चाबूक तिच्या खांद्यावर बसला. कुनिश धडपडून उठू लागली.

"बस खाली!" काकू तिच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळली. "तू उभी काय राहिलीस? घोडा घे. व्याह्यांना सांग, नवरी बसली आहे, आजच्या आज या."

मी मांड टाकली तेव्हा दुसरा फटका ऐकू आला. मी मागे वळले नाही.