आठवं बटण

दुपारी झोपणाऱ्यांचा मला राग येतो, हे आधीच सांगते. त्यामुळं आत्ता मी झोपलेली नाही. फक्त डोकं टेकलंय, टेबलावर, नव्या डीजे कंट्रोलरवर गाल ठेवून, पाचच मिनिटं. गाळ्याचं शटर अर्धं खाली आहे आणि मे महिन्याचं ऊन खालून आत येऊन माझ्या पायाला लागतंय. पाच वाजता साळुंख्यांच्या दारात हळद आहे, आमच्या घराला चिकटून, आणि माझं एक बटण अजून जोडायचं राहिलंय.

जोडायचं म्हणजे असं. हा कंट्रोलर पुण्याहून आणलेला, सेकंडहँड, आणि माझ्या लॅपटॉपमधलं गाणी बनवायचं सॉफ्टवेअर त्याला ओळखच दाखवत नाही. मग एकेक गाठ हातानं मारावी लागते. पडद्यावरच्या गोष्टीवर क्लिक केलं की ती निळी होते आणि वाट बघत बसते. मग कंट्रोलरवरचं बटण दाबायचं, की झाली दोघांची गाठ. आवाज वर-खाली करायच्या पट्ट्या झाल्या, दोन्ही चकत्या झाल्या, आठ बटणांपैकी सात झाली. आठव्यासाठी 'आप्पा' नावाची फाइल निळी होऊन बसली आहे.

आप्पा माझे वडील. विट्यातलं तोडकर साउंड त्यांचं. दहा महिन्यांपूर्वी गेले. पण कुठल्याही कार्यक्रमात मी पहिल्यांदा त्यांनाच वाजवते. 'नमस्कार मंडळी! आवाज तोडकरांचा, नाचणं तुमचं!' एवढं ऐकलं की पोरं शिट्ट्या मारायला लागतात.

आणि दोन गल्ल्या पलीकडं, घरात, तो आवाज ऐकून आई उठते नि आप्पांसाठी चहाचा दुसरा कप काढते. "कळतंय गं मला," म्हणते, "पण हात ऐकत नाही." आज सकाळी म्हणाली, "वैजू, आज ते नको लावू. दारातच आहे हळद." मी खेकसले तिच्यावर. "मग लावू काय? माझ्याकडं दुसरं आहे काय?" ती तांदूळ निवडत राहिली आणि मी इकडं निघून आले. असली लेक.

पाचच मिनिटं.

"गुडघा घे तुझा," कुणीतरी म्हणतं. "पोटात रुततोय माझ्या."

मी गुडघा घेते. अंधार आहे आणि चारी बाजूंनी मऊ आहे. गोधड्या. मी ओळखते, हे गाळ्यातलं भिंतीतलं कपाट, वायरींची वेटोळी ठेवायचं. आवाज घुमू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच आतून गोधड्या टांगल्या होत्या, आणि आप्पांना स्टुलावर बसवून माइक हातात दिला होता. ते आत्ता त्याच स्टुलावर बसलेत. बनियन, खांद्यावर पंचा, कानात अत्तराचा फाया.

"आप्पा!"

"मग काय, तहसीलदार? सरक."

मला इतका आनंद होतो की मी आधी भांडते. "तुम्ही इथं काय करताय? सगळं गाव शोधलं मी."

"सगळं गाव शोधलंस, कपाट सोडून," आप्पा म्हणतात. "दार उघड जा."

मी दार ढकलते. दार हलत नाही. कडी बाहेरून आहे.

"कुणी लावली?" ते विचारतात, ठाऊक असूनही.

मीच लावली होती. दार नीट बसेना, म्हणून. एकोणीस वेळा म्हणायला लावलं होतं त्यांना ते वाक्य. कधी श्वास ऐकू यायचा, कधी बाहेर कोंबडा ओरडायचा. विसाव्यांदा नीट झालं आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मी बोलत बोलत चौकापर्यंत गेले. आप्पा आत. परत येऊन कडी काढली तेव्हा घामानं निथळत होते आणि म्हणाले, "बरं झालं, तिरडीचा खर्च वाचवत होतीस." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

आता कुणी हसत नाही.

आप्पा एकदम उठून उभे राहतात. डोकं वरच्या फळीला लागतं. "नमस्कार मंडळी!" ते ओरडतात. "आवाज तोडकरांचा, नाचणं तुमचं!" आणि धपकन बसतात.

"काय झालं?"

"तू दाबलंस."

कपाट आहेच, पण मांडवपण आहे. गोधड्यांच्या जागी मांडवाचा पिवळा कपडा. खुर्च्या मांडल्यात, माणूस एक नाही. माझ्यापुढं कंट्रोलर आहे. मी एक पट्टी वर सरकवते तर वरचा पंखा जोरात फिरतो. चकती फिरवते तर खुर्च्या मागं मागं जातात. सगळ्या गाठी चुकल्यात. "अगं बाई, पाच वाजायला आले," मी म्हणते आणि सापडेल ते बटण दाबते. आप्पा उठतात, म्हणतात, बसतात.

"वैजे! माझ्या गुडघ्यांचा तरी विचार कर. लग्नसराईत एका दिवसात चौदा वेळा उठवलंस मला. जिवंतपणी एवढं काम केलं नाही मी."

"मला काय माहीत तुम्हाला उठावं लागतं?"

"मग कुणाला उठावं लागणार?"

स्वयंपाकघर आहे. ओट्यावर कप आहेत, एकेक कप, सगळे भरलेले, थंड, साय धरलेली. फळ्यांवर, खिडकीत, जमिनीवर, पाय ठेवायला जागा नाही. आई आमच्याकडं पाठ करून अजून एक भरतेय. मी हाक मारते, ती वळत नाही. दाराशी जावं तर दाराला तीच कडी, बाहेरून.

"बघितलंस?" आप्पा हळू आवाजात म्हणतात. "ती काढते आणि मला पिता येत नाही. मी इथं, ती तिथं, आणि मधे तू बटणावर बोट ठेवून."

मी खाली बघते. खरंच, माझं बोट आठव्या बटणावर आहे. टेकलेलं, दाबलेलं नाही. समोर पडद्यावर त्यांचं नाव निळं होऊन वाट बघतंय.

"उचल बोट."

"उचलता येत नाही."

"येत नाही, का उचलायचं नाही?"

पुन्हा गोधड्या. त्या जवळ आल्यात. तोंडाशी कापूस लागतो, जुन्या लुगड्याचा वास येतो. श्वास आत जातो आणि तिथंच राहतो. मी खांद्यानं दार ढकलते, पायानं ढकलते. बोट मात्र जागचं हलत नाही, माझंच असून.

"आप्पा, मी उचललं की तुम्ही जाल."

"गेलोय की गं मी."

"मला तुम्ही हवे आहात," मी म्हणते. रडत नाही, चिडून म्हणते. "बाकी काही कळत नाही मला. मला तुम्ही हवे आहात."

ते पंच्यानं माझं नाक पुसतात, चौथीतल्या पोरीचं पुसावं तसं. "फाइल कुठं जाणार आहे? ठेव की. एकटी असलीस की ऐक. पण बटणाला नको बांधू मला. बटण म्हणजे कुणीही नाचायला लागलं की मी हजर. आणि ती बिचारी कप काढणार." मग माझ्या हातात माइक देतात. "म्हण."

"काय?"

"काय म्हणजे? धंदा कुणाचा आहे आता?"

"नमस्कार मंडळी," मी म्हणते.

"चिरकतेस. पोटातनं काढ. आणि माइक खाऊ नको, जरा लांब धर."

"नमस्कार मंडळी."

"कुणाच्या मयताला आलीस का? हळद आहे पोरी, हळद!"

मला राग येतो. त्या रागातच मी ओरडते, "नमस्कार मंडळी! आवाज तोडकरांचा, नाचणं तुमचं!" गोधड्या माझा आवाज गिळतात आणि कपाटात एकदम शांत होतं. मी बोटाकडं बघते. ते माइकभोवती आहे. कधी उचललं, मला ठाऊक नाही.

"हां," आप्पा म्हणतात. "विसाव्यांदा नीट झालं." आणि माझं डोकं धरून गोधडीवर टेकवतात. "झोप घटकाभर."

घंटीसारखं काहीतरी किणकिणतं. कपबशी.

"वैजू, साडेचार झाले गं."

आई शटरखालून वाकून आत आली आहे. मी टेबलावरच आहे, मान आखडलेली. पडद्यावरचं निळं विझलंय. आठव्या बटणापुढं काही लिहिलेलं नाही.

आई चहा ठेवते आणि तशीच थांबते. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवते. तिचं बोट माझ्या गालावरून फिरतं, हळूहळू, मोजल्यासारखं.

"कशावर झोपली होतीस?"

"यावर," मी कंट्रोलर दाखवते. प्लॅस्टिकचा, गोल गोल खुंट्यांचा.

ती मान हलवते. मी मोबाइल उघडून त्यात गाल बघते. टाके उमटलेत. सात उभे, मग एक आडवा, पुन्हा सात उभे, एक आडवा. असा टाका विट्यात एकटी आई घालते. आणि कपाटातल्या गोधड्यांमधली तिच्या हातची एकच होती, ती दहा महिन्यांपूर्वी सरणावर आप्पांच्या अंगाखाली गेली. त्यांच्याबरोबरच गेली.

आई खुर्चीवर बसते.

"काय म्हणाले?"

"गुडघे दुखतात म्हणाले. सारखं उठून उठून."

"दुखणारच," आई म्हणते. पदरानं डोळे पुसते, उठते, कपाटापाशी जाते. कडी काढते. दोन्ही दारं भिंतीपर्यंत उघडते आणि वाऱ्यानं पुन्हा लागू नयेत म्हणून खाली वायरीचं एक वेटोळं सरकवून ठेवते.

"आज तूच बोल मग," ती म्हणते. "मी दारातल्या ओट्यावर बसून ऐकते."

मी लॅपटॉप मिटते आणि कंट्रोलर काखेत मारते. साळुंख्यांच्या दारात कुणीतरी माझ्या नावानं हाका मारतंय. चालता चालता माझा हात गालाकडं जातो. सात आणि एक. अजून आहेत.