माझी जाऊ झाडावर असायची

जेवणं आटोपून मी नुकती आडवी झाले होते, तेवढ्यात गावाकडून बालाजीचा फोन आला. बालाजी म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, गिरजाचा मुलगा. "मोठी आई, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुठल्या झाडावरून पडली रे?" तो रडता रडता थांबला. "पडली न्हाई वो... भाकरी खाल्ली, ताक पिली, खाटेवर झोपली. उठलीच न्हाई." नंतर मी ज्यांना ज्यांना ही बातमी कळवली, त्या प्रत्येकानं मला हेच विचारलं. नांदेडच्या माझ्या बहिणीनं विचारलं, शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी विचारलं, आमच्या कॉलनीतल्या दूधवाल्यानंसुद्धा विचारलं. उभा जन्म झाडांवर काढलेली बाई जमिनीपासून दीड हात उंचीच्या खाटेवरून गेली, यावर कुणाचा विश्वासच बसेना. तिला स्वतःला हे कळलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

गिरजा तेलंगणाच्या शिवेवरच्या बिलोलीकडची. वडिलांना चौघी मुलीच, आणि वडिलांचा धंदा चिंचांचा. लोकांच्या बांधावरच्या चिंचा मोहोरात असतानाच ठरवून घ्यायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उतरवून आडतीवर न्यायच्या. मुलगा नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा त्यांनी मुलींनाच झाडावर चढवलं. तिघी बेतानं चढायच्या. ही मात्र, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "शेंड्याला जाऊन वाऱ्यासंगं हलायची". ही गोष्ट सोयरीक जुळवताना आम्हाला कुणी सांगितली नाही, हे उघडच आहे. मुलगी सातवी शिकलेली, शेतकामाला वाघीण, एवढंच आमच्या कानावर आलं होतं.

रेणापूरजवळच्या आमच्या गावात लग्न लागलं तेव्हा मी नांदेडला एका शाळेत नोकरीला होते. रजा काढून आले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायण झाला, आणि स्पीकरवाला सामान आवरायला लागला. भोंगा त्यानं दारापुढच्या चिंचेत लई उंच बांधला होता. त्याला तसाच पुढं जळकोटला दुसऱ्या लग्नाला जायचं होतं, आणि दोरी फांदीत अशी अडकली की भोंगा काही सुटेना. तो चढला आणि तांबड्या मुंग्या अंगभर घेऊन बोंबलत उतरला. मग आमच्या घरातली दोन माणसं चढली, तीही तशीच उतरली. घरात नवरी बघायला आलेल्या बायका चहा घेत बसलेल्या, आणि सासूबाई नवरीला शोधत या खोलीतून त्या खोलीत. एवढ्यात बाहेर गलका झाला. मी पळत ओट्यावर आले. नऊवारीचा काष्टा कसलेला, दोन्ही हात मेंदीनं लाल, आणि आमची नवी सून भोंगा कमरेला बांधून फांदीफांदीनं खाली येत होती. मुंग्या चावत होत्या, आणि ती त्यांना चक्क शिव्या देत होती... त्यातल्या काही शिव्या तेलुगूत होत्या, म्हणून अब्रू वाचली.

भाऊजी, म्हणजे तिचे नवरे नागोराव, भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांना उंचीची भीती. घराच्या साध्या माळवदावर चढले तरी ते बसूनच सरकायचे. सासूबाई पुढं आल्या. आता काय होतंय म्हणून मी श्वास रोखला.

"कुठं शिकलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"बापाकडं."

"चिंच झोडता येती?"

"येती की."

सासूबाईंनी बायकांकडं बघितलं, मग त्या चिंचेकडं बघितलं. "दरसाली गड्याची वाट बघता बघता निम्म्या चिंचा पोपट खाऊन जाऊन राहिले," त्या म्हणाल्या, "आन् बिलोलीहून गडी सोताच्या पायानं घरात आला की!" मग आत वळता वळता म्हणाल्या, "हातपाय धू. बाया बसल्यात." विषय तिथंच मिटला. लोक काय म्हणतील ते सासूबाईंना आधीच ऐकू येत असावं, आणि त्यांनी त्याला महत्त्व द्यायचं नाही असं ठरवून टाकलं असावं. त्या दिवशी मला माझ्या सासूचा पहिल्यांदा हेवा वाटला.

पुढच्या वर्षापासून घरच्या चिंचा गिरजाच उतरवू लागली. मग भावकीच्या, मग शेजारच्या गावांच्या. खाली वेचायला गावातल्या बायका, वर ती, आणि बुंध्याला पाठ लावून, झाडाकडं न बघता उभे राहिलेले भाऊजी. त्यांना बघवायचं नाही आणि सोडून जाववायचंही नाही. ती वरून ओरडायची, "आवो, जिती हाय मी!" आणि ते खालून नुसते "हाव" म्हणायचे. पुढं तिनं स्वतःच झाडं ठरवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा एका आडत्यानं आडकाठी घातली. "बाईमाणूस झाडावर? उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात पडायचं." गिरजा म्हणाली, "न्हाई पडायची मालक. तुमी फकस्त झाडाखालून जरा बाजूला उभं ऱ्हावा." तो आडत्या पुढं अनेक वर्षं तिचाच माल घेत राहिला.

ती विनयशील वगैरे अजिबात नव्हती. मराठवाड्यात आपल्यासारखं कुणी चढत नाही, हे ती येईल त्याला सांगायची, आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगायची. मला "अक्का" म्हणायची. माझी बदली लातूरला झाल्यावर तिचं येणं वाढलं. आली की माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि दोनदा वाढून घ्यायची. आम्हा दोघींचं एकमेकींवाचून अडायचं नाही, पण करमायचंही नाही.

मग ते वर्ष आलं. होळी झाली होती. चिंचेचा भर हंगाम. चिंच कधी दगा देत नाही, जांभूळ देतं, शेवगा देतो, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी चिंचेचीच एक वाळकी फांदी तिच्या पायाखाली मोडली. मांडीचं हाड मोडलं. लातूरला शस्त्रक्रिया झाली, आणि दवाखान्यातून ती माझ्याच घरी आली. पाय हळूहळू बरा झाला. काठी घेऊन चालायला लागली. एकदा मी म्हटलं, चल, गच्चीवर ऊन खायला जाऊ. चार पायऱ्या चढली, कठडा घट्ट धरला आणि थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "अक्का," ती म्हणाली, "मला खाली बघू वाटंना." मग तिथंच पायरीवर बसून ती रडली. हाड मोडलं तेव्हा रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसले. तिच्या सोबतीला आमच्याकडंच राहिलेल्या भाऊजींना मनातून सुटका वाटली असणार. ते म्हणाले, "वहिनी, आता बास झालं म्हणा तिला. माझं ऐकून न्हाई राहिली." पण तिनं ऐकलं होतं. तेच तर वाईट होतं. ती दिवसभर माझ्या घरात भाज्या निवडत बसायची, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणंही तिनं सोडलं होतं.

अशातच शहरातल्या एका बागेत झाडांची कामं करणाऱ्या माणसांचं शिबिर भरलंय असं माझ्या कानावर आलं. दोर, पट्टे, हेल्मेट लावून झाडावर कसं चढायचं ते शिकवायला परभणीहून एक तरुण मुलगी आली होती. मी गिरजाला नुसतं बघायला म्हणून नेलं. पहिला तासभर ती पुटपुटत होती, "असं शेळीवानी बांधून घेऊन कुणी चढतं का?" त्या मुलीनं ते ऐकलं. रागावली नाही. जवळ आली, काठीकडं बघितलं आणि विचारलं, "मावशी, कशावरून पडलात?" "चिंचेवरून." "दोर असता तर काय झालं असतं?" गिरजानं दोर हातात घेऊन चाचपला. मग म्हणाली, "लटकले असते... खाली आले नसते."

तो पट्टा तिच्या कमरेला आवळताना त्या मुलीला तीनदा हसू आवरावं लागलं, कारण गिरजा लुगड्यावरूनच बांधा म्हणत होती. शेवटी दुसऱ्या दिवशी भाऊजींचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि माझ्या मुलीची सलवार घालून आली. दोरानं तिला थोडं उचललं, आणि तिनं डोळे गच्च मिटले. मुलगी खालून शांतपणे सांगत होती, "मावशी, हात सोडा. दोन्ही सोडा. काही होत नाही." तिनं एक सोडला. मग दुसरा सोडला. कडुनिंबाला ती अधांतरी लोंबकळत होती, एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि अख्ख्या बागेला ऐकू जाईल असं ओरडली, "अक्का! मी पडतच न्हाई वो!" मी खाली उभी राहून वेड्यासारखी हसत होते, आणि माझा चेहरा ओला झाला होता.

तिथून तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं म्हणायला हरकत नाही. लातुरात घरांवर झुकलेल्या, तारांना टेकलेल्या फांद्या उतरवायचं काम तिला मिळू लागलं. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग तिची स्वतःची टोळी. कार्ड छापायचं ठरलं तेव्हा मी "वृक्षछाटणी तज्ज्ञ" असं सुचवलं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "ह्ये कोण बाई हाय?" शेवटी कार्डावर "झाडावरची सगळी कामं केली जातील" असं छापलं. सगळी म्हणजे खरंच सगळी. पतंग, मांजरं, एकदा एका मंगल कार्यालयाच्या झाडात अडकलेला नवरदेवाचा फेटा. आणि चुकाही तिनं केल्या. आमच्या परसातल्या कडुनिंबाची मोठी फांदी "आणखी धा वर्सं हालत न्हाई" असं छातीठोक सांगून गेली, आणि पुढच्याच वादळात ती फांदी आमच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर आली. मी फोन केला तर म्हणाली, "न्हाणीत कुणी नव्हतं ना? मग मी बरुबर सांगितलं असं समजा."

तिच्या कामाच्या दिवसांतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचे फोन. शेंड्याला पोचली, दोर पक्का केला, की ती मला फोन लावायची. "अक्का, तुमची गच्ची दिसून राहिली. पापड घातलेत ना? कावळा बसलाय बघा कोपऱ्यात." मी धावत गच्चीवर जायची, तर खरंच कावळा असायचा. लांबवर कुठल्याशा झाडात एक पिवळं हेल्मेट दिसायचं, आणि मी पदर हलवायची. शेजारणीला वाटायचं मी कावळा हाकलतेय.

पुढं रेणापूरच्या, जळकोटच्या काही बायका तिच्याकडं शिकायला येऊ लागल्या. ती कडक होती. पट्ट्याची कडी दोनदा तपासल्याशिवाय कुणाचा पाय जमिनीवरून उचलू द्यायची नाही. परभणीची ती मुलगी अधूनमधून यायची, तेव्हा गिरजा तिला सगळ्यांसमोर "माझी मास्तरीण" म्हणायची आणि लगेच पुढं जोडायची, "पण चढते मीच जास्ती चांगली." मास्तरीण हात जोडून हसायची.

दोन वर्षांपूर्वी तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी चढणं बंद करायला सांगितलं. मला वाटलं, पुन्हा ते पायरीवरचं रडणं येणार. पण तसं झालं नाही. तिनं झाडाखाली खाट टाकली आणि खालून ओरडायचं काम सुरू केलं. दिवाळीत मी गेले तेव्हा वर एक तरणी बाई फांदी कापत होती आणि ही खाटेवर लोळून हातवारे करत होती. मी विचारलं, "वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "वाटतं की. पण अक्का, लई वर्सं निस्ती खाली बघत आले. आता वरची मज्जा बघून घेते." आणि मला म्हणाली, "तुमी शंकरपाळे लई तेलकट करून राहिल्या अलीकडं." ते आमचं शेवटचं बोलणं.

तेराव्याला आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. पंगत उठली होती, सुपारी चालली होती. ती गेल्यापासून भाऊजी कुणाशी फारसं बोलले नव्हते. विचारलं तर हाव, न्हाई, एवढंच. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक अनोळखी पाव्हणा आला. बिलोलीकडचा होता. गिरजा गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. नारळाच्या झाडाचं काहीतरी काम घेऊन आला होता. इतकी माणसं जमलेली, दार सताड उघडं, पण तो दाराकडं आला नाही. गाडी लावली, चिंचेखाली गेला, मान वर केली आणि हाक मारली, "वो गिरजाबाई!"

भाऊजी सावकाश उठले आणि त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "वर गेली ती."

पाव्हण्यानं कपाळावर हात आडवा धरला आणि पुन्हा नीट बघितलं. "हाव का? कंच्या फांदीला? मला तर दिसून न्हाई राहिल्या."

भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मग जन्मात कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. पाव्हण्याच्या शेजारी उभं राहून, मान वर करून, थेट शेंड्यापर्यंत बघितलं.