अर्ध्या एकराचा हंगाम

कोपरगावच्या अंगाला, गोदावरीकाठी, एका शेठचा साखर कारखाना होता. लढाई संपली, सरकारनं जुनी विमानं मोडीच्या भावात काढली, आणि शेठनं त्यातलं एक लहानसं उचललं. कशाला? तर उसावर नजर ठेवायला. वरून ऊस कसा दिसतो ते शेठ कधी बोलले नाहीत, पण खालून शेठ कसे दिसतात ते बघायला पंचक्रोशी लोटायची.

विमानाची देखभाल करायचा सोनईचा गिदोन. मिशनच्या शाळेत फिटरकाम शिकलेला, लढाईत विमानतळावर हाताखाली राबलेला, अंगानं उंच आणि तोंडानं त्याहून. 'आपण विमानाचे डॉक्टर' असं तो गावभर सांगून बसला होता. पण या डॉक्टरला नाडी बघायची मुभा होती, सही करायची नव्हती. सही करायला पुण्याहून परवानेदार इंजिनियर साहेब यायचे. गिदोननं नट आवळायचे आणि साहेबांनी पेन उघडायचं, असा सगळा कारभार.

दिल्लीहून परवाना मिळाला की पेन गिदोनच्या हातात येणार होतं. त्यासाठी लेखी परीक्षा होती, ती तो पास झाला. राहिलं होतं प्रत्यक्ष काम. परीक्षेनंतर दोन वर्षांच्या आत, परवानेदाराच्या हाताखाली, पगारी नोकर म्हणून सलग सहा महिने काढायचे आणि त्यातच एकदा इंजिन पुरतं उघडून परत बांधायचं. नाही जमलं तर परीक्षा रद्द, पुन्हा श्रीगणेशा. आता यात अवघड ते काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. तुम्ही साखर कारखान्यात नोकरी केलेली नाही.

कारखान्याच्या कचेरीत राधाकृष्णपंत बसायचे. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच जातींची, कायम आणि हंगामी. फिटर हंगामी. दिवाळीनंतर पहिली मोळी गव्हाणीत पडली की आत, उन्हाळ्यात शेवटची मोळी पडली की बाहेर.

"पंत, विमान काय ऊस गाळतं का?" गिदोननं एकदा विचारलं.

"मग त्याला फिटर कशाला लागतो?" पंत म्हणाले, आणि तपकीर ओढली.

हंगामभर शेठ उडायचे, म्हणून इंजिन उघडता येत नसे. हंगाम संपला की इंजिन उघडायचं, पण तोवर गिदोन नोकर राहायचा नाही. पहिल्या वर्षी त्या पठ्ठ्यानं फुकटात सगळं इंजिन उघडलं, धुतलं, बांधलं. साहेबांनी शाबासकी दिली आणि मान हलवली. "नोकरीत नसताना केलेलं काम म्हणजे शेजारधर्म, गिदोन. शेजारधर्मावर मला सही करता येत नाही."

आता हा दुसरा हंगाम, म्हणजे शेवटचा. त्यातून आमोस मास्तरांनी आपली अट घालून ठेवलेली. मास्तर कारखान्याजवळच्याच मिशनच्या शाळेवर होते आणि त्यांच्या सारावर गिदोनचा जीव होता. मास्तरांचं म्हणणं एकच, "आधी परवाना, मग सारा." साराला कुणी विचारलं नव्हतं. एकदा शेजारणीनं विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय विचारता? दिल्लीला विचारा."

वैशाख लागला, शेठना विमानात घाम यायला लागला आणि ते महाबळेश्वरला निघून गेले. साहेबांनी गिदोनला इंजिन उघडायला लावलं. काम तीन आठवड्यांचं, आणि हंगाम चार दिवसांत संपणार. गिदोन तोंड पाडून सहादेवतात्यांच्या मळ्यात जाऊन बसला. आदल्या वर्षी ऐन उन्हात तात्यांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं होतं, ते यानं रात्रीचा दिवस करून चालू केलं होतं. तेव्हापासून तात्या त्याला घरचाच धरायचे.

"हंगाम कवा संपतू?" तात्यांनी विचारलं.

"नोंदीचा सगळा ऊस गाळला की."

"आन माजा अर्धा एकर उबाच ऱ्हायला तर?"

गिदोन ताडकन उठून उभा राहिला. शेठनं मोळीच्या दिवशी भाषण ठोकलं होतं, नोंदीचा एक ऊसही शेतात राहणार नाही म्हणून. शेठचा शब्द म्हणजे पंतांना वेदवाक्य. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. वजनात मारलेल्या काट्याचा कितीतरी वर्षांचा राग त्या मिशीत साठला होता.

आणि मग काय मजा विचारता! अख्खा कारखाना एका अर्ध्या एकरासाठी ताटकळत बसला. बॉयलर धगधगतोय, चरक रिकामा, माणसं सावलीला पत्ते कुटताहेत. पंत सायकल मारीत रोज मळ्यावर. ज्या माणसाला कचेरीत तात्या तासन्‌तास उभे राहून भेटायचे, तो आता तात्यांच्या खाटेवर बसून गुळाचा चहा पीत होता. आज अमावास्या आहे. आज बैल लंगडतोय. आज सोयरिकीत मयत झालंय. कारखान्याची टोळी तोडायला आली, तर तात्यांच्या घरच्या मनकर्णाकाकू कोयता घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. "माजा ऊस मी तोडीन. दुसऱ्याचा हात लागू द्यायची न्हाई." टोळी आली तशी परत गेली.

इकडे इंजिन बांधून होत आलं. गिदोन शीळ घालत काम करायचा. येता-जाता सारा दिसली की फडक्याला हात पुसून म्हणायचा, "थोडंच राहिलंय." आणि नेमकं तेव्हाच ठिणगी पाडायचा मॅग्नेटो दगा देऊन बसला. साहेबांनी तो मुंबईला पाठवला. "पंधरा दिवस तरी लागतील," साहेब म्हणाले. "तोवर नोकरीत राहा म्हणजे झालं."

गिदोन उड्या मारीत मळ्यावर गेला. तात्या म्हणाले, "पंद्रा काय, म्हैना थांबू. रस हाय अजून." असं म्हणताना त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. विहीर तळाला गेली होती. गिदोन सरीत शिरला. पाचट पायाखाली कडकड वाजत होतं. त्यानं एक ऊस मोडून बघितला, आत भेंड पडलेलं, मधोमध लाल. चघळला तर चोथा नुसता. मग दुसरा मोडला, तिसरा मोडला.

मनकर्णाकाकू मागे येऊन उभ्या होत्या. "त्ये तुला सांगायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "ऊस न्हाई ऱ्हायला ह्यो, सरपन झालाय. वर्साचं खानं हुतं ह्यात."

गिदोनला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस तो शीळ घालत होता आणि इथं दुसऱ्याचं वर्ष वाळत होतं. असला परवाना घेऊन काय चुलीत घालायचा? त्याला रडूही येत होतं आणि पंतांना, दिल्लीला, त्या मुंबईच्या मॅग्नेटोला शिव्याही द्याव्याशा वाटत होत्या. त्या त्यानं दिल्या. मग काकूंच्या हातातला कोयता घेतला.

"आरं, येडा झाला का?" तात्या धावत आले. "पंद्रा दिसाचा तर सवाल हाय."

"तात्या, बाजूला व्हा," गिदोन म्हणाला. "मोळ्या बांधायला या, न्हाईतर घरी जाऊन झोपा."

तात्या मुकाट्यानं मोळ्या बांधायला बसले. चार दिवसांनी गिदोन स्वतः तात्यांच्या शेजारी शेवटच्या गाडीवर बसून कारखान्यात शिरला. पंतांचा आनंद गगनात मावेना. शेवटची गाडी आणणाराचा मान करायची कारखान्याची रीतच होती. नारळ आला, फेटा आला, कोपरगावचा बँड आला. गिदोननं शेवटची मोळी उचलून गव्हाणीत टाकली, चरकानं ती करकरत गिळली, आणि पंतांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला. "कामगारानं कारखान्यावर असं प्रेम करावं," असं छोटंसं भाषणही केलं. भाषण संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हिशेब करून घे, उद्यापासून येऊ नको.

बँड वाजतच होता. गर्दीतून आमोस मास्तर पुढे आले. त्यांच्यामागे सारा होती. मास्तरांना वाटलं फेटा म्हणजे परवान्याचाच काहीतरी प्रकार.

"मिळाला का रे?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, मास्तर. आत्ताच गव्हाणीत टाकला."

मास्तरांना समजेना. तेव्हा तात्यांनी गाडीवरून उतरून, बँडच्या वर आवाज काढून, झालेलं सगळं सांगितलं. सांगताना ते रडले. मास्तरांनी चरकापाशी जाऊन डोकावून बघितलं. रस असा येतच नव्हता.

"पुढच्या हंगामात परत परीक्षेपासून?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

मास्तरांनी साराकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं म्हणा ना. मग घसा खाकरून म्हणाले, "येत्या रविवारी मिशनच्या देवळात तुमची दोघांची नावं लग्नासाठी वाचायला सांगतो. कुणाची हरकत असली तर तिथं उभं राहून सांगावी."

"माझी आहे," सारा म्हणाली. "रविवार अजून चार दिवस लांब आहे."